खुर्द्याचा हिशेब

सैनिकांशी खेळणे हा पोरांचा फार जुना छंद आहे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो, त्याच्या बुरुजांवर बोटभर उंचीचे मावळे पहाऱ्याला उभे राहतात, आणि त्यांतला एखादा पायाखाली येऊन मोडला तर कुंभाराकडून दुसरा आणला जातो. मोडलेल्यासाठी कोणी सुतक पाळीत नाही. तेव्हा संगणकावरच्या लढाया पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आपणां वडीलधाऱ्यांना फारसा नाही. परंतु अशाच एका खेळाने माझ्यापुढे एक प्रश्न टाकला आहे, आणि सणाच्या दिवशी थोडा जड वाटला तरी तो वाचकांपुढे ठेवावासा वाटतो. माणसे मोजताना माणूस हरवतो, तो नेमका कुठे?

खेळाचे नाव 'रोम: टोटल वॉर'. इंग्लंडमधील 'क्रिएटिव्ह असेंब्ली' या मंडळींनी तो २००४ साली काढला. माझा भाचा त्यात तासन् तास रमतो. इसवी सनापूर्वी २७० या वर्षी खेळ सुरू होतो आणि खेळणारा एका रोमन घराण्याचा कर्ता बनतो. गावे सांभाळायची, पैसा जमवायचा, पलटणी उभ्या करायच्या. प्रत्येक पलटणीची एक चिठ्ठी पडद्याच्या तळाशी दिसते. तीवर चित्र असते आणि एक आकडा. लढाई पेटली की तो आकडा उतरू लागतो.

या पलटणींची नावे कोणी मनाने रचलेली नाहीत. पोलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकाराने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमन सैन्याची रचना बारकाईने लिहून ठेवली आहे. सर्वांत पुढे वेलितेस, म्हणजे वयाने कोवळे आणि गरिबांतले गरीब. त्यांच्यामागे हस्ताती हे तरुण, मग ऐन उमेदीतले प्रिंकिपेस, आणि सर्वांत शेवटी त्रियारी, म्हणजे मुरलेले, वयस्क शिपाई. ४२०० पायदळाच्या एका लीजनमध्ये १२०० हस्ताती, १२०० प्रिंकिपेस आणि ६०० त्रियारी असत. पुढच्या दोन फळ्या लढत असताना त्रियारी हातात लांब भाले धरून गुडघा टेकून थांबत. 'प्रकरण त्रियारींपर्यंत आले' अशा अर्थाची म्हणच त्या लोकांत रूढ झाली होती. आपण 'गळ्याशी आले' म्हणतो, त्यातलाच हा प्रकार.

पोरे पुढे आणि बाप मागे, ही रचना पहिल्यांदा वाचताना मन कचरते. तथापि तिच्यात शहाणपणही आहे. मागे जुनी माणसे घट्ट बसली आहेत, या भरवशावर पुढचा पोरगा लढतो. आणि पुढची फळी मोडली तर पळायचे नाही, हे त्या जुन्या माणसांनी पत्करलेले असते. खरी टोचणी निराळ्या ठिकाणी आहे. ज्याची शस्त्रे ज्याने आणायची, अशी रीत असल्यामुळे ज्याच्या घरी पैसा त्याच्या अंगावर कडीचे चिलखत, आणि ज्याच्या घरी काही नाही त्याच्याजवळ चार भाले नि एक लहान ढाल. ज्यांच्याकडे मालमत्ताच नव्हती त्यांना तर रोमन लोक 'डोक्याने मोजलेले' असे म्हणत. शिरगणतीत एक डोके, यापलीकडे त्यांची नोंद नव्हती. इसवी सनापूर्वी १०७ साली मारियसने या निर्धनांना सैन्याची दारे उघडली. त्यानंतरचा सारा बदल एकट्या मारियसच्या नावे मांडण्याची जुनी चाल आजच्या अभ्यासकांना पटत नाही. खेळात मात्र एका टप्प्यावर 'मारियसच्या सुधारणा' येतात आणि हस्ताती, त्रियारी या जातीच भरतीतून नाहीशा होतात.

या खेळातली एक गोष्ट मला फार प्रामाणिक वाटते. पलटण उभी केली की तितकी माणसे त्या गावच्या लोकसंख्येतून कमी होतात. शिपाई कुठल्या तरी घरातून येतो, हे हिशेबाला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट तितकीच निर्दय आहे. चिरडलेली पलटण गावात आणून पैसे मोजले की ती पुन्हा पूर्ण होते. नाव तेच, चित्र तेच, आकडाही तोच. गेलेले कोण, हे विचारायला जागाच उरत नाही.

एकदा भाच्याने शेतकऱ्यांची एक पलटण शत्रूच्या घोडेस्वारांपुढे मुद्दाम उभी केली. मी कारण विचारले. तो म्हणाला, "मामा, हे स्वस्त आहेत."

पोर वाईट नाही. खेळाचा हिशेब त्याला बरोबर कळला आहे. आणि सेनापतीच्या बाजूनेही बोलता येईल. प्रत्येक शिपायाची आई डोळ्यांपुढे आणणारा सेनापती एकही हुकूम देऊ शकणार नाही, आणि त्याच्या त्या कोवळेपणाने कदाचित दुप्पट माणसे मरतील. मोजणे हे पाप नव्हे. दुष्काळात धान्य वाटायचे तर तोंडे मोजावीच लागतात. मी शाळामास्तर आहे. रोज सकाळी पट मोजतो आणि एक कमी भरला तर तो कुठे गेला याची चौकशी करतो. मोजल्यामुळेच ते मूल मला आठवते.

मग चूक कुठे होते? पानिपतचा घात पेशव्यांना ज्या चिठ्ठीने कळला असे सांगतात, ती १७६१ सालची चिठ्ठी मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. गळालेले दोन मोती कोण हे शाळकरी मूलही सांगेल. हरपलेल्या मोहरांचा आकडा तीत आहे. खुर्द्याला तेवढा आकडा नाही. माणसांची नाणी केली याचे मला तितके वाईट वाटत नाही. ती सावकारी सांकेतिक भाषा होती. खुर्दा मोजण्याचे कोणावर बंधन नव्हते, हे मात्र सलते.

पोलिबियस आणखी एक बारकावा सांगतो. ते गरीब वेलितेस शिरस्त्राणावर कधी लांडग्याचे कातडे ओढीत. डोक्याला रक्षण व्हावे हा एक हेतू. आणि कोण शौर्याने लढतो हे वरिष्ठांना दुरून ओळखता यावे, हा दुसरा. हातात चार भाले असलेल्या पोरालाही वाटे की कोणीतरी आपल्याला पाहावे.

इसवी सन ९ मध्ये जर्मनीच्या तॉयटोबुर्ग अरण्यात वारुस या सेनापतीच्या तीन लीजन कापल्या गेल्या: सतरावी, अठरावी आणि एकोणिसावी. ते तीन क्रमांक रोमने पुन्हा कोणत्याही लीजनला दिले नाहीत. सहा वर्षांनी गेर्मानिकुस तेथे गेला आणि विखुरलेली हाडे त्याने पुरवली. आपण मातीआड करतो आहोत ते आपले की परके, हे पुरणाऱ्यांना कळत नव्हते.

त्या अठराव्या लीजनमध्ये मार्कुस काएलियुस नावाचा एक शतपती होता. मूळचा आजच्या इटलीतील बोलोन्याचा, वय साडेत्रेपन्न. त्याचा भाऊ पुब्लियुस याने उभारलेला स्मृतिशिळेचा दगड जर्मनीतील बॉन शहराच्या संग्रहालयात आहे. त्यावर मार्कुसची मूर्ती आहे, छातीवर मानचिन्हे आहेत आणि वारुसच्या युद्धात तो पडला अशी नोंद आहे. शिवाय एक वाक्य असे आहे की, हाडे येथे ठेवण्यास मोकळीक आहे. म्हणजे भावाला देह मिळाला नव्हता. सम्राटाने तीन लीजन गमावल्या; पुब्लियुसच्या घरी एकच माणूस कमी झाला होता, आणि पुढेमागे हाडे सापडलीच तर असू द्यावी म्हणून त्याने त्या एका माणसापुरती जागा राखून ठेवली.