हलकेपणाचा मोह

छोटी, हलकी, दोन माणसांची आणि मध्यमवर्गाला कशीबशी परवडेल अशी स्पोर्ट्स कार ही बाजारातली विचित्र वस्तू आहे. एरवी जास्त पैसे मोजले की जागा, उंची, डिकी सगळेच वाढते. इथे मागची सीट नाही, डिकी नावापुरती, आणि तरी गिऱ्हाईक खूश. 1989 मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-5 या जपानी गाडीचे वजन सुमारे साडेनऊशे किलो होते, इंजिनाची ताकद बेताचीच. तिच्या दहा लाख गाड्या 2016 पर्यंत तयार झाल्या. कमी असण्यातच सुख असेल, तर ते भोगात मोडते की संयमात?

भिलाईसारख्या गावात हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण इथला संसारच वजनावर उभा आहे. 1959 मध्ये सोव्हिएत मदतीने इथल्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, आणि भारतीय रेल्वेचे रूळ म्हणजे भिलाई असे समीकरण झाले. मुख्य मार्गावरच्या रुळाच्या एक मीटर लांबीचे वजन 60 किलो, म्हणजे एका माणसाएवढे. त्या मापाने एमएक्स-5 ही सोळा मीटर रुळाची गाडी. इथून निघणाऱ्या 260 मीटरच्या एका जोडरुळात अशा सोळा गाड्या बसतात. मोटारीच्या अंगाला लागणारा पातळ पत्रा मात्र हा कारखाना काढत नाही. इथली प्लेटसुद्धा जाडजूड.

भाषाही वजनाच्याच बाजूची. माणूस वजनदार असावा, घर भारदस्त असावे. हलका माणूस आणि हलक्या कानाचा माणूस दोघेही कमी प्रतीचे. इथल्या जीई रोडवर सध्या उंच, जाड गाड्यांची चलती आहे ती याच हिशेबाने. पण ‘जड’ या शब्दात वजनाइतकेच अचेतनही येते, आणि दुःख सांगून झाले की मन हलके होते. हलकी गाडी विकणारा या दुसऱ्या अर्थाशी खेळतो. योगशास्त्राने हलके होण्याच्या या ओढीला जुने नाव दिले आहे: लघिमा, अष्टसिद्धींपैकी एक. मात्र पतंजलींनी सिद्धींना समाधीच्या वाटेतले अडथळे मानले आहे. म्हणजे हलकेपणाही मोह होऊ शकतो, हे परंपरेला ठाऊक होते.

खरा पेच पुढे आहे. कठोपनिषदातल्या रूपकात शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे आणि विषय हे रस्ते. आत्मा नुसता रथात बसलेला. सगळा भर रथी घोड्यांहून वेगळा आहे यावर. माझदाच्या अभियंत्यांनी मात्र स्वार आणि घोडा एकजीव व्हावेत या जपानी कल्पनेवर गाडी बांधली. स्टिअरिंग जरा वळवले की नाक वळते, खडीचा पट्टा आला की तळव्यांना कळते. आपण आणि गाडी वेगळे आहोत याचा क्षणभर विसर पडतो. या विसरालाच गिऱ्हाईक पैसे मोजते. कठोपनिषदाच्या नजरेने हे घोड्यांच्या स्वाधीन होणे ठरते. तरीही ते निव्वळ इंद्रियसुख म्हणता येत नाही, कारण अशी गाडी लक्ष मागते. फोनकडे बघत ती चालवण्यात काही मजाच नाही.

हलकी गाडी म्हणजे अपरिग्रह, हा दावा मात्र टिकत नाही. दोन सीटची गाडी बहुधा घरातली दुसरी गाडी असते. सामान कमी नेते, पण घरातल्या वस्तूंत एकीची भर घालते. आणि जिथे एकच गाडी परवडते तिथे गृहस्थधर्म आडवा येतो: शेजारच्या दुर्ग स्टेशनवर आई-वडिलांना आणायला जायचे, तर त्यांना बसवायचे कुठे? भारतात अशा गाडीचे प्रयत्न जमले नाहीत त्याची बरीच उकल इथे आहे. 1998 च्या सुमाराची सॅन स्टॉर्म, रेनोचे छोटे इंजिन आणि फायबरचे अंग असलेली उघडी गाडी, थोडीच विकली गेली. टाटा मोटर्सची रेसमो, 1.2 लिटरचे टर्बो इंजिन आणि 190 पीएस ताकद, 2017 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात झळकली आणि दुकानापर्यंत आलीच नाही.

उरतो अहिंसेचा मुद्दा, आणि हलक्या गाडीची सर्वांत भक्कम बाजू तीच. धडकेतली ऊर्जा वजनाच्या पटीत वाढते, म्हणून हलकी गाडी समोरच्याला कमी इजा करते; जड गाडी आपल्या माणसांना वाचवते ते पुष्कळदा दुसऱ्याच्या जिवावर. पण वेगाचा हिशेब वर्गाने होतो. ताशी 100 किलोमीटरने जाणाऱ्या 900 किलोच्या गाडीत, 70 ने जाणाऱ्या 1800 किलोच्या गाडीपेक्षा थोडी जास्तच ऊर्जा असते. तीच छोटी गाडी 60 वर आली की ही ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांश उरते. आणि अशा गाडीची गंमत 60 वरसुद्धा येते, ही या प्रकाराची खासियत. भारी स्पोर्ट्स कारला जाग येते तीच त्याच्या दुप्पट वेगाला, जिथे भिलाईतल्या सुपेल्याच्या चौकात रस्ता ओलांडणाऱ्या सायकलवाल्याला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.