कानात हात घालायचा अधिकार

कान सोनारानंच टोचावेत, असं आपल्याकडं म्हणतात. पण कानाच्या आत दुखायला लागलं की गावातला जो तो वैद्य होतो. कुणी गरम तेल ओततं, कुणी आगपेटीतली काडी घालतं, कुणी तर मोटारसायकलची किल्लीसुद्धा. डोळ्याशी असला खेळ कुणी करत नाही. कानाचं आतलं दिसत नाही, म्हणून भीती नाही.

मग दुसऱ्याच्या कानात हात घालायचा अधिकार कुणाचा? मला वाटतं, कुठं थांबायचं हे ज्याला कळतं त्याचा.

बहिरेपणा रोखायचा सरकारी कार्यक्रम देशात २००६-०७ पासून आहे. आमच्यापर्यंत तो पोचला तो उपकेंद्रातल्या सिस्टरच्या रूपानं. कानाचं वेगळं प्रशिक्षण घेतलेली बाई. माझी चुलती वर्षभर हाकेला ओ देत नव्हती. म्हातारी मुद्दाम ऐकत नाही, असं घरातले म्हणायचे. सिस्टरनं बॅटरीच्या यंत्रातून बघितलं, तर मळाचा खडा. पाच दिवस थेंब घालून मऊ केला, मग कोमट पाण्याच्या पिचकारीनं काढला. चुलती सुनेला म्हणाली, "अगं, हळू बोल की!"

त्याच सिस्टरनं ऊसतोडीच्या कोपीवरल्या पोराच्या कानात पिचकारी मारायला मात्र साफ नकार दिला. कान वाहत होता, पडद्याला भोक होतं. पाणी नको, तेल नको, असं बजावून तिनं कापसाच्या वातीनं पू टिपला अन् जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. बाप भडकला. "म्हातारीचा कान धुतला, मग आमचाच का नाय?" भडकणार नाही तर काय! एक खाडा पडला की मजुरी बुडते, वर मुकादम दंड कापतो.

चिठ्ठी दिली, बाईचं काम संपलं, असं आमचे सरपंच म्हणाले. मला ते पटलं नाही. ज्याला जाता येत नाही, त्याला नुसती चिठ्ठी देणं म्हणजे हात झटकणंच. सिस्टरही तसंच मानत असावी. ती दोनदा कोपीवर गेली, मुकादमाशी भांडली. शेवटी एक दिवस कारखाना बंद पडला, तेव्हा बाप पोराला घेऊन गेला.

औषधानं कान वाहायचा थांबला. पडद्याचं ऑपरेशन तेवढं राहिलं, कारण हंगाम संपला आणि टोळी बीडकडं निघाली. ट्रॅक्टर हलायच्या आधी सिस्टरनं सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोराच्या आईला दिले. वर तिकडच्या सिस्टरसाठी चार ओळी मराठीत लिहिलेल्या. आईनं ती पिशवी पिठाच्या डब्यात ठेवली.