कुत्र्यास आत आणू नये

पाटी लिहिणारा मनुष्य आणि ती वाचणारा मनुष्य यांची गाठ सहसा पडत नाही, आणि पडू नये हेच दोघांच्या हिताचे असते. मला मात्र पाट्या वाचण्याचा नाद आहे. पोर्तुगीज चर्चपासून पंढरपूरच्या धर्मशाळेपर्यंत जिथे जिथे मी गेलो, तिथे तिथे आधी भिंतीवरच्या सूचना वाचल्या आणि मग आत पाऊल टाकले. त्यातल्या त्यात हॉटेलांच्या पाट्यांना तोड नाही. ‘उधारी बंद आहे’ ही त्यांतली आद्य पाटी. तिच्यामागून ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’, ‘ताटात हात धुऊ नयेत’, ‘राजकारणावर चर्चा करू नये’ अशी सगळी भावंडे आली. मुंबईच्या जुन्या इराण्यांनी तर या वाङ्मयाला कळसच चढवला होता. अलीकडे या घराण्यात एक नवे अपत्य जन्माला आले आहे, ‘कुत्र्यास आत आणू नये’.

आमच्या मुक्ताईनगरात, म्हणजे जुन्या लोकांच्या एदलाबादेत, ही पाटी दिसेल असे वीस वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर लोक हसले असते. कुत्र्याला आत ‘आणायचे’ कशाला? ते आपले आपण येते आणि आपले आपण हाकलले जाते! पण सुरतेहून नागपूरकडे जाणारा महामार्ग आमच्या गावावरून जातो. केळीच्या ट्रकांबरोबर आता लांबलांबच्या मोटारी येतात, आणि मोटारींच्या मागच्या खिडकीतून एखादे केसाळ, गोजिरवाणे तोंड जीभ बाहेर काढून जगाकडे पाहत असते. मोटार ढाब्यापुढे थांबली की तेही उतरते. मग प्रश्न उभा राहतो.

गेल्या हिवाळ्यात मी अशाच एका ढाब्यावर बसलो होतो. वांग्याच्या भरिताचे दिवस. एक कुटुंब आले. बाईंच्या कडेवर पांढरे कुत्रे होते. मालकाने नम्रपणे पाटीकडे बोट दाखवले. बाई म्हणाल्या, “अहो, हा आमच्या घरातलाच आहे. रोज आंघोळ करतो.” मालक म्हणाला, “ताई, खोटं कोण म्हणतंय? बाहेर लिंबाखाली बाज टाकून देतो, तिथंच ताटं आणतो.” बाईंना तो अपमान वाटला. त्यांचे यजमान काहीतरी पुटपुटले आणि मंडळी तशीच मोटारीत बसून निघून गेली. नेमके त्याच वेळी पाणी देणाऱ्या पोऱ्याने दाराशी बसलेल्या एका तांबड्या गावठी कुत्रीच्या बरगडीत लाकूड हाणले. ती केकाटत रस्त्यापलीकडे गेली. तिने काही केले नव्हते. ती नुसती बसली होती. त्या केकाटण्याकडे मोटारीतल्या मंडळींनी पाहिले नाही, मालकाने पाहिले नाही आणि भरीत खाणाऱ्यांपैकीही कोणी मान वर केली नाही.

त्या दोन मिनिटांत दोन कुत्र्यांना दार बंद झाले. एकाचा अपमान झाला असे त्याच्या धन्याला वाटले, पण त्या कुत्र्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. दुसरीला मार बसला आणि तिच्या वतीने अपमान मानून घ्यायला कोणीच नव्हते. शिष्टाचाराचा विचार करायचा तर तो या दोन्ही कुत्र्यांना समोर ठेवूनच केला पाहिजे, असे मला तेव्हापासून वाटते.

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. अन्नसुरक्षेचे जे नियम आपल्या देशात २०११ साली झाले, त्यांत खाद्यपदार्थांच्या जागेत जनावरे, पक्षी आणि पाळीव प्राणी येऊ देऊ नयेत असे सांगितले आहे. जगात सगळीकडे मात्र असेच नाही. इंग्लंडात स्वयंपाकाच्या जागी कुत्र्याला मज्जाव आहे, पण जेवणाऱ्यांच्या दालनात त्याला घ्यावे की नाही हे मालकाच्या मर्जीवर असते. पॅरिसमध्ये मालकिणीच्या पायाशी टेबलाखाली निजलेले कुत्रे पाहून कोणी भुवई उंचावत नाही. अमेरिकेत खाणावळींना सामान्यतः बंदीच, पण आंधळ्याला वाट दाखवणाऱ्या कुत्र्याला तिथल्या १९९० च्या कायद्याने दार उघडले आहे. ते योग्यच झाले. ते कुत्रे म्हणजे त्या माणसाचे डोळे. डोळे दाराबाहेर काढून ठेवून या, असे कोण कोणाला सांगेल?

म्हणजे इथे एकच सनातन नियम आहे असे नाही. देशोदेशीचे रिवाज वेगळे. मग आपला रिवाज कशावर उभा आहे ते पाहिले पाहिजे. पहिले कारण भीतीचे. कुत्र्याच्या लाळेतून येणारा तो भयंकर रोग एकदा अंगात प्रकट झाला की त्यातून मनुष्य जवळजवळ कधीच वाचत नाही. लुई पाश्चरने १८८५ साली जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. तेव्हापासून चावल्यावर वेळीच लस घेतली तर जीव वाचतो. पण खेड्यापाड्यांत लशीआधी मांत्रिक गाठणारे अजून आहेत, आणि ज्याच्या घरातले माणूस असे गेले त्याला पांढऱ्या कुत्र्याची आंघोळ सांगून काय उपयोग? त्याचा घास कुत्रे दिसताच घशात अडकतो. हॉटेल ही अशी जागा आहे की जिथे अनोळखी माणसे शेजारी बसून जेवतात. घरात माझ्या मर्जीचे राज्य असते, पंगतीत शेजाऱ्याच्या घशाचाही विचार करावा लागतो.

दुसरे कारण आपल्या जुन्या सोवळ्याओवळ्याचे. ते मी फार मानत नाही. पण गंमत अशी की ज्या परंपरेने कुत्र्याला विटाळाच्या यादीत घातले, तिनेच वैश्वदेवानंतर त्याच्या नावाचा घास काढून ठेवायला सांगितले. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे बसवले, खंडोबाच्या सोबतीला कुत्रे दिले. मुंबईत तर १८३२ सालच्या जूनमध्ये कुत्र्यांसाठी दंगा झाला. बेवारशी कुत्र्यांना मारण्याचा हुकूम इंग्रज सरकारने काढला होता, आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. अंत्यविधीत कुत्र्याच्या नजरेला पवित्र मानणारे पारशी त्या हुकुमाविरुद्ध उठले आणि शहराचा व्यवहार बंद पडला. सांगायचे तात्पर्य, कुत्र्याला आत घ्यायचे नाही, आणि त्याला विसरायचेही नाही, अशी ही आपली दुहेरी रीत आहे.

या रीतीचा अर्थ मला एका विद्यार्थ्याने उलगडून दाखवला. वर्गात मी महाप्रस्थानाची कथा सांगत होतो. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडली, धर्मराज आणि एक कुत्रे एवढेच उरले. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, कुत्रे बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, ते सोड आणि चल. धर्मराज म्हणाला, शरण आलेल्याला मी सोडणार नाही. वर्ग नेहमीप्रमाणे धर्मराजाच्या बाजूने झाला. पण ज्याच्या वडिलांचा रस्त्यावर ढाबा आहे असा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पण इंद्राचं काय चुकलं? त्याच्या घरचा नियम होता ना?”

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न खरा होता. मी घरी येऊन ती कथा पुन्हा वाचली. धर्मराज इंद्राशी स्वर्गाच्या नियमावर वाद घालत बसत नाही. तुझा नियम जुनाट आहे, माझे कुत्रे स्वच्छ आहे, मी कोण आहे हे तुला ठाऊक नाही काय, असले एक वाक्य त्याच्या तोंडी नाही. तो एवढेच म्हणतो की, मग मलाही स्वर्ग नको. प्रेमाची किंमत त्याने स्वतः मोजायची ठरवली, स्वर्गातल्या इतर रहिवाशांवर ती लादली नाही. कुत्रे हाच प्रत्यक्ष धर्म होता हे त्याला पुढे कळले. निर्णय घेतला तेव्हा ते साधे कुत्रेच होते. कुत्र्यावर प्रेम करणाऱ्याने हॉटेलात कसे वागावे याचे उत्तर मला इथे मिळते. दार बंद असेल तर आपणही बाहेर लिंबाखालच्या बाजेवर बसावे. त्यात अपमान कसला? धर्मराजाला तो वाटला नाही.

आता मालकाकडे वळू. त्याच्यासाठीही महाभारतातच कथा आहे, आणि ती ग्रंथाच्या अगदी आरंभी आहे. जनमेजयाचे कुरुक्षेत्रावर सत्र चालले होते. तिथे सरमा या देवांच्या कुत्रीचे पिल्लू आले. राजाच्या भावांनी त्याला बडवले. ते रडत आईकडे गेले. आईने विचारले, तू काही आगळीक केलीस का? ते म्हणाले, मी हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा सरमा सत्रात गेली आणि म्हणाली, निरपराध पोराला मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. राजा हादरला. आता नीट पाहा, सरमेची तक्रार पिल्लाला यज्ञात बसू दिले नाही अशी नव्हती. त्याला विनाकारण मारले, एवढीच होती. दार लावणे आणि लाकूड हाणणे या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, ते एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरच व्यासांनी आखून ठेवले आहे. ढाब्यातल्या पोऱ्याला ते कोणी शिकवले नव्हते. शिकवायचे काम त्या मालकाचे होते, आणि भरीत खाणाऱ्या आम्हा सर्वांचेही.

पण ‘आत येऊ नये’ हे शब्द लिहिताना महाराष्ट्रातल्या माणसाचा हात थोडा थरथरला पाहिजे. हेच शब्द आपण माणसांना ऐकवले आहेत. महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी मिळे आणि माणसांना मिळत नसे. तिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यावे लागावे, ही आपली इतिहासातली नोंद आहे. चहाच्या दुकानांत वेगळ्या कपबशा होत्या. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा तिथला चहा प्यायला कोणी जाईना; म्हणून शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा प्याले. पुढे २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेने पंधराव्या अनुच्छेदात दुकानांबरोबर उपाहारगृहांचाही उल्लेख केला आणि जन्मावरून कोणालाही तिथे अडवता येणार नाही असे सांगितले. हॉटेलच्या दाराला घटनेत जागा मिळावी इतके ते दार महत्त्वाचे होते.

म्हणून कोणी म्हणते, काल माणसांना अडवत होता, आज कुत्र्यांना अडवता, उद्या तेही सुधारेल, तेव्हा मला ती तुलना सोसत नाही. माणसाला अडवले ते त्याची बरोबरी नाकारण्यासाठी. कुत्र्याला अडवायचे ते शेजाऱ्याच्या ताटासाठी. नियम कोणाला खाली दाबण्यासाठी आहे आणि कोणाला जपण्यासाठी आहे, हे विचारले की बहुतेक पाट्यांचा खरेखोटेपणा कळतो. आणि अजूनही ज्या गावात कुत्रे ओसरीवर चढते पण काही माणसे अंगणातच थांबतात, त्या गावाने कुत्र्याच्या पाटीचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा.

राहता राहिली ती तांबडी कुत्री. तिचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांना उचलण्याचा हुकूम दिला, मग २२ ऑगस्टला तो सौम्य करून नसबंदी आणि लस झाल्यावर त्यांना परत सोडावे आणि खाऊ घालण्याच्या जागा ठरवून द्याव्यात असे सांगितले. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून कुत्री हलवावीत असा आदेश झाला. शाळामास्तर म्हणून मला मुलांचा जीव आधी दिसतो, आणि वर्गात येऊन बसणारी कुत्रीही दिसते. ठरल्या जागी, ठरल्या वेळी खाऊ घालावे आणि लस टोचून घ्यावी, यात भूतदयाही आहे आणि शिस्तही. रस्त्यात वाटेल तिथे पोळी फेकून पुण्य घरी नेणे सोपे असते. त्या पोळीवर भांडणारी कुत्री मात्र मागे राहतात आणि त्यांच्यातून शाळेची पोरे वाट काढतात.

नामदेवांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्या गोष्टीत मला आता एक बारकी गोष्ट दिसते, ती म्हणजे भाकरी नामदेवांची होती आणि तूपही नामदेवांचेच होते. शेजाऱ्याच्या पानातले तूप त्यांनी उचलले नाही.

आमच्या गावची मुक्ताई धाकटी होती, पण रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांना दार उघडायला तिनेच लावले. दारे उघडण्याचा आणि लावण्याचा विवेक या मातीला नवा नाही. दिवाळीत वसुबारसेला आपण गायवासरू पूजतो. नेपाळात याच सणात एक दिवस कुत्र्याच्या गळ्यात माळ घालतात. आपण तेवढे करावे असे मी म्हणत नाही. पण फटाक्यांनी भेदरून एखादे कुत्रे तुमच्या ओट्याखाली येऊन बसेल. त्याला घरात घेऊ नका वाटल्यास. तिथून मात्र हाकलू नका, आणि फराळाचे ताट आत नेण्यापूर्वी एक भाकरी बाहेर ठेवा.