एकाच पंक्तीला

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय १० व ११; गलतीकरांस पत्र २:११-१४



जेवण ही रोजची गोष्ट. तिच्यांत धर्माचा विचार तो काय करावयाचा, असें पुष्कळांस वाटतें. परंतु मनुष्याचें अंतःकरण प्रार्थनेच्या वेळीं झांकलेलें राहिलें तरी पानावर बसतांना उघडें पडतें. कोणाच्या हातचें पाणी आपण पितों आणि कोणाशेजारीं मांडी घालून बसतों, यावरून आपण कोणास भाऊ मानतों तें कळतें.

जेवणाच्या रीति देशोदेशीं निराळ्या आहेत. आपल्याकडे पान वाढतांना वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी व मध्यें भात वाढतात. आणि साऱ्या पंक्तीस वाढून होईपर्यंत कोणी घास उचलीत नाहीं. युरोपांतील लोक कांट्या-चमच्यांनीं जेवतात. जपानांत काड्यांनीं जेवतात. परंतु त्या काड्या भातांत उभ्या रोवणें अशुभ मानतात, कारण तसा भात मृतापुढें ठेवण्याची तेथें चाल आहे. बोहरा मुसलमान एका मोठ्या थाळाभोंवतीं बसून त्याच थाळांतून जेवतात व आरंभीं मीठ चाखतात. शिखांच्या लंगरांत राव-रंक एकाच रांगेंत बसतात. प्रभूच्या काळीं यहूदी लोक सणाच्या भोजनास टेकून बसत आणि एकाच पात्रांत भाकर बुडवीत.

यांपैकीं कोणती रीत देवास अधिक प्रिय आहे? आसनावरून किंवा चमच्यावरून देव कोणास पारखीत नाहीं. हात धुणें, शेजाऱ्यासाठीं थांबणें, अन्न न टाकणें, या रीति अन्नाचा व मनुष्याचा मान राखतात. त्या आनंदानें पाळाव्या. परंतु जी रीत भावास म्हणते, "तूं दूर बस," ती शिष्टाचाराचें वस्त्र पांघरलेला गर्व होय.

आमच्या पुणें शहरांत गुरुवार पेठेंत पंचहौद मिशन आहे. तेथें १८९० सालच्या ऑक्टोबर महिन्यांत शहरांतील कित्येक प्रतिष्ठित गृहस्थांस बोलाविलें होतें. महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक हेही त्यांत होते. चहा-बिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातीं धरून तसाच खालीं ठेवला. गोपाळराव जोशी यांनीं पुढें त्या मंडळीचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि गांवांत एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें सांगितलें; रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. एका पेलाभर चहापायीं सारें शहर दोन वर्षें ढवळून निघालें.

ह्याच शहरांत, तेथून थोड्याच अंतरावर, जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला होता. पंचहौदांतील चहानें लोक उघडे पडले. फुल्यांच्या हौदानें तहानेल्यांची तहान भागली. जेथें प्रीति नाहीं, तेथें एकत्र खाणेंपिणेंसुद्धां सांपळा होऊं शकतें.

पण बंधूंनो, त्या विद्वानांस हंसण्याची घाई आपण करूं नये. मी तरुणपणीं एका खेड्यांत उपदेशक होतों. मंडळींतील बहुतेक घरें पूर्वीच्या एका जातीचीं होतीं. दोन घरें दुसऱ्या जातीचीं, जिला पहिले लोक आपल्याहून हलकी समजत. त्या दोहोंपैकीं एका घरच्या म्हाताऱ्या बाईनें एके दिवशीं माझ्यापुढें भाकर वाढली. मी म्हणालों, "मावशी, आत्तांच जेवून निघालों." मी जेवलों नव्हतों. बाकीचे लोक काय म्हणतील, हें भय माझ्या पोटांत होतें. ती कांहीं बोलली नाहीं. भाकर तिनें फडक्यांत गुंडाळून ठेवली. पुढच्या प्रभुभोजनाच्या वेळीं ती आपण होऊन सर्वांच्या मागें बसली, आणि सर्वांनीं प्याला घेतल्यावर मग तिनें घेतला. ती जागा तिला मीं दाखविली होती. त्याच सायंकाळीं मीं तिच्या दारीं जाऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "मास्तर, आतां तरी पोटभर खावा."

पेत्राचेंही असेंच झालें. यापो येथें त्यास दर्शन झालें, कैसरियांत तो कर्नेल्याच्या घरीं राहिला, आणि यरुशलेमांत लोकांनीं जाब विचारला तेव्हां त्यानें धैर्यानें उत्तर दिलें. तरी अंत्युखियांत कांहीं माणसें आलीं, तेव्हां तो विदेशी बंधूंच्या पंक्तीतून भीतीनें मागें सरला, आणि बर्णबासारखा भला मनुष्यही त्याच्या मागें ओढला गेला. पौलानें सर्वांसमोर त्याचा निषेध केला. तो वाद अन्नाचा नव्हता. ज्यांस देवानें एकाच भोजनास बोलाविलें, त्यांस निराळें बसविणें म्हणजे सुवार्ताच नाकारणें होय, हें पौलानें ओळखिलें.

राज्यघटनेनें १९५० सालीं अस्पृश्यता कायद्यानें नष्ट केली. कायदा विहीर खुली करितो. मन खुलें करणें देवाचें व आपलें काम आहे. म्हणून माझी आपणांस तीन गोष्टींची विनंति आहे. येत्या प्रीतिभोजनांत पूर्वीच्या जातीप्रमाणें पंक्ति पडूं देऊं नका. वाढणारे हातही सर्व घरचे असूं द्या. उपदेशक बंधूंनो, ज्या घरीं आपण आजवर पाणी घेतलें नाहीं, त्या घरीं या आठवड्यांत जा आणि जें पुढें येईल तें आभार मानून खा. शहरांतून टेबल-खुर्ची शिकून आलेल्या तरुणांनो, जमिनीवर बसून जेवणाऱ्या आपल्या वडील माणसांस लाजवूं नका; तो नवा सोंवळेपणाच होय. तसेंच शेजाऱ्याच्या सोंवळ्याची थट्टा करूं नका. त्याच्या उंबऱ्याशीं जोडे काढा, हात धुवा, त्याच्या रीतीचा मान राखा. आपली मोकळीक ही उद्धटपणाची परवानगी नव्हे.

ज्या प्रभूनें जकातदारांच्या घरीं जेवण केलें, त्याच्या पंक्तीस आपणांपैकीं एकही आपल्या योग्यतेनें बसलेला नाहीं. आपणांस जागा दयेनें मिळाली आहे. तर शेजाऱ्यास जागा देतांना आपण कां आंखडावें? कोणी बंधु किंवा भगिनी मागें बसली असेल, तर आज उठून तिचा हात धरा आणि तिला आपल्या शेजारीं आणून बसवा. असें करण्यास प्रभु आपणां सर्वांस धैर्य देवो. आमेन.