पॅच दिसणारच

गेल्या मे महिन्यात पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडताना घरमालक काका म्हणाले, "जरा टचअप करून द्या, मग डिपॉझिटचं बघू." माळ्यावर तीन वर्षांपूर्वीच्या रंगकामातला उरलेला डबा होताच. झाकण उचकटलं. वर साय धरली होती. ती काढून टाकली, कुजका वास येत नाही ना ते पाहिलं, काठीने तळापासून ढवळलं आणि जुन्या ओढणीतून रंग गाळून घेतला.

खिळ्यांची भोकं पुट्टीने बुजवली, घासली, वर ब्रश फिरवला. वाळल्यावर भिंतीवर अकरा ठिपके उठून दिसायला लागले. कंपनी तीच, शेड नंबर तोच. पण डब्यातला रंग अंधारात होता तसा राहिला आणि भिंतीने तीन वर्षं ऊन, धूळ आणि फोडणीचा धूर खाल्ला. शिवाय भिंतीवर रोलर फिरला होता, मी ब्रश वापरला. पोत बदलला की उजेडही वेगळा पडतो. म्हणून पेंटर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारतात. माझ्याकडे तेवढा रंग नव्हता.

आधी त्या ठिपक्यांची लाज वाटली. मग 'त्रातेज्जो' आठवलं. १९४०च्या दशकात रोममध्ये चेझारे ब्रांदी यांच्या संस्थेत जुनी चित्रं दुरुस्त करण्याची ही पद्धत घडली. चित्राचा जो भाग झडला असेल, तिथे रंगाच्या बारीक उभ्या रेघा भरायच्या. लांबून चित्र सलग वाटतं, पण जवळ गेलं की दुरुस्ती कुठे झाली ते कळतं. म्हणजे दुरुस्ती करायची, पण ती लपवायची नाही. त्या हिशेबाने माझे ठिपके प्रामाणिकच होते.

खरी अडचण कपाटामागे होती. बाहेरून भिंतीला तडा गेला होता. दर पावसाळ्यात तिथे ओल यायची, पोपडे सुटायचे. काकांना दोनदा सांगून झालं होतं. मे महिन्यात मात्र ती जागा ठणठणीत कोरडी होती. मी पोपडे खरवडले, पुट्टी लावली आणि दोन हात मारले. डागाचं नावनिशाण उरलं नाही. रविवारी एक मुलगी घर बघायला आली. तिने त्या भिंतीकडे पाहिलं, मी गप्प राहिलो. डिपॉझिट पूर्ण मिळालं.

डबा तोच, ब्रश तोच, हात तोच. मग फरक कुठे पडला? खिळ्याने जे नुकसान करायचं ते करून झालं होतं. तिथला रंग म्हणजे दुरुस्ती. ओलीचं नुकसान अजून चालू होतं. तिथला रंग फक्त पावसापर्यंतची मुदत मिळवून देत होता, आणि त्याची किंमत दुसरंच कुणीतरी मोजणार होतं. तडा बुजवणं काकांचं काम होतं, हे खरं. पण तो आहे हे सांगणं माझ्या हातात होतं.

भांडणानंतरच्या 'सॉरी'चंही असंच असतं. चूक थांबली असेल तर ते टचअप, नाहीतर नुसता रंगाचा हात.

जुलैमध्ये त्या मुलीचा मेसेज आला, "कपाटामागे आधीपासून ओल होती का?" ठिपक्यांबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही.

"हो," मी लिहिलं. "मला माहीत होतं. काकांशी बोलताना माझं नाव सांग."