देवाला किती वॅट?

ग्वाल्हेरात गोरखीजवळच्या आमच्या गल्लीच्या गणपतीत जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला दुसरा जोडायचं ठरलं आणि वायरिंग माझ्याकडे आलं. पोरांना सांगितलं, 50 वॅटचे 100 केले तरी आवाज जेमतेम 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. एकानं विचारलं, "काका, मग देवापर्यंत पोचायला किती वॅट?"

प्रश्न खरा आहे. परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी या चार वाणींपैकी यंत्र हात लावतं ते फक्त शेवटच्या, उच्चारलेल्या वाणीला. मनुस्मृतीचं गणित तर उलटंच: विधियज्ञाहून जप दसपट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांतला शंभरपट, मनातला हजारपट. तिथे आवाज घटतो तसं मोल वाढतं.

मग माइक काढून टाकायचा? मुळीच नाही. नवविधा भक्तीत पहिलं श्रवणच. आमच्याकडे तानसेन समारोहाची सुरुवात हरिकथा आणि मिलादनं होते; मागच्या रांगेतल्या आजींना शब्दच कळला नाही, तर त्यांच्या वाट्याचं काय? अ‍ॅम्प्लिफायर हवा तो त्यांच्यासाठी. देवाला तो लागत नाही, असं मी ठामपणे मानतो.

म्हणून नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर मोठा भोंगा नाही लावला. मागे दोन छोटे स्पीकर बसवले, कानाच्या उंचीवर. गेन कमी ठेवला, कारण तो चढवला की टाळांबरोबर वायरीची घरघरही मोठी होते. आता आरतीतला प्रत्येक शब्द मागे सुटा ऐकू येतो. रात्री दहाला स्विच बंद; त्यापुढे ज्याला जप करायचा त्यानं मनात करावा.