मळा कोणाचा?

आजचा शास्त्रभाग: मत्तय 21:28-32
सोबत वाचा: रोमकरांस पत्र 2:14-15, उत्पत्ती 18:22-33



आजचा दाखला अगदी छोटा आहे. एका माणसाला दोन मुलगे. तो दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. पहिला तोंडावर नकार देतो, पण नंतर त्याचं मन बदलतं आणि तो जातो. दुसरा मोठ्या अदबीने होकार देतो आणि जातच नाही. मग येशू ऐकणाऱ्यांना विचारतो, बापाच्या मनासारखं कोण वागलं? ते बरोबर उत्तर देतात, पहिला. आणि त्या उत्तरातच ते सापडतात, कारण ऐकणारे होते मुख्य याजक आणि वडीलजन. सगळं आयुष्य देवाला "हो" म्हणण्यात गेलेली माणसं.

या भागावर मनन करायचं आज ठरवलं, त्याला कारण आहे. आपल्या तरुण संघातली एक मुलगी नोकरीसाठी पुण्यात फ्लॅटवर राहते. तिची रूममेट नास्तिक आहे. नुसती "देवळात जात नाही" अशी नाही, विचार करून, वाचून नास्तिक झालेली. पावसाळ्यात आपल्या या बहिणीला डेंग्यू झाला, प्लेटलेट्स घसरल्या. रूममेटने चार दिवस सुट्टी टाकली, रात्री दवाखान्यात खुर्चीवर बसून काढल्या, फोन करकरून डोनर मिळवला. आणि मंडळीच्या ग्रुपवर? जवळजवळ चाळीस जणांनी हात जोडलेले इमोजी टाकले. भेटायला कुणी आलं नाही. बरी झाल्यावर तिने मला विचारलं, "दादा, ती देव मानत नाही आणि तरी ती अशी. आपण मानतो आणि आपण असे. मग माझ्या विश्वासाने नक्की फरक काय पडतो?" तिला विचारूनच हे लिहितोय.

प्रश्न रागातून आलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. आणि मला वाटतं, तुमच्यापैकी अनेकांच्या मनात तो आहे. ऑफिसात, कॉलेजात, कधी घरातसुद्धा देव न मानणारी सरळ, प्रामाणिक माणसं आपल्याला भेटतात. मग वाद होतो, आणि आपण पटकन एक वाक्य फेकतो: "देव नाही म्हणतोस, तर मग चोरी का करत नाहीस? खून का करत नाहीस?"

मित्रांनो, हे वाक्य बोलणं आपण सोडून द्यावं. एक तर समोरच्याला ते लागतं. तो चोरी करत नाही कारण त्याला ती चुकीची वाटते, जशी तुम्हाला वाटते. आणि दुसरं, हे वाक्य आपल्याच पवित्र शास्त्राच्या विरुद्ध जातं. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल स्पष्ट लिहितो की ज्यांना नियमशास्त्र मिळालंच नाही, असे लोकसुद्धा त्यातल्या गोष्टी आपणहून करतात, कारण नियमाचं काम त्यांच्या अंतःकरणात लिहिलेलं आहे आणि त्यांचं मन त्यांना साक्ष देतं. म्हणजे देव न मानणारा चांगला वागला की आपण दचकायचं कारणच नाही. शास्त्राने हे आधीच सांगून ठेवलंय.

मग वाद आहे तरी कशावर? यावर झालेली एक प्रसिद्ध चर्चा सांगतो. 28 जानेवारी 1948 ला बीबीसी रेडिओवर दोन माणसं समोरासमोर बसली. एक होते फ्रेडरिक कोपलस्टन, चाळिशीतले जेझुइट पाद्री आणि तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. दुसरे बर्ट्रांड रसेल, 75 वर्षांचे, जगप्रसिद्ध गणिती आणि तत्त्वज्ञ. रसेल देवावर विश्वास नाही हे उघड सांगायचे. पण हा माणूस तत्त्वाला पक्का होता. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून 1918 मध्ये ते तुरुंगात जाऊन आले होते. म्हणजे "देव नाही म्हणून काहीही चालतं" असं मानणारे ते नव्हते.

बोलता बोलता विषय नीतीवर आला. कोपलस्टननी विचारलं, चांगलं आणि वाईट यातला फरक तुम्ही कसा ओळखता? रसेल म्हणाले, जसा पिवळा आणि निळा ओळखतो तसा. रंग डोळ्यांना दिसतात, चांगलं-वाईट भावनेला कळतं. त्यावर कोपलस्टननी बेल्सनच्या छळछावणीच्या प्रमुखाचं उदाहरण काढलं. ब्रिटिश सैन्य बेल्सनला पोहोचलं होतं एप्रिल 1945 मध्ये. तिथे हजारो प्रेतं उघड्यावर पडली होती, आणि जिवंत होते त्यांचे नुसते सांगाडे उरले होते. चर्चा झाली तेव्हा या गोष्टीला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती. कोपलस्टनचा मुद्दा असा: तिथे जे चाललं ते आपल्याला भयंकर वाटतं, पण हिटलरला ते चांगलंच वाटत असणार. भावनेवरच निवाडा करायचा, तर त्याची भावना चूक आणि आपली बरोबर, हे कशावरून?

रसेलनी दिलेलं उत्तर आपल्या मराठी कानाला ओळखीचं वाटेल. ते म्हणाले, कावीळ झालेल्या माणसाला जे पिवळं नाही तेही पिवळं दिसतं, आणि तो चुकत असतो. कोपलस्टननी लगेच विचारलं, पण सगळा मामला भावनेचाच असेल, तर त्यात "चुकणं" कसं शक्य आहे? रसेल म्हणाले, कृतीचे परिणाम पाहायचे, आणि त्या परिणामांविषयी आपल्याला काय वाटतं ते पाहायचं. चर्चा संपली, पण दोघांचं एकमत झालं नाही.

मला रसेलविषयी आदर वाटतो तो त्यापुढच्या गोष्टीसाठी. उतारवयात त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की नीतिमूल्यं ही फक्त आपापल्या आवडीनिवडी आहेत, हे मत कसं खोडून काढावं ते मला कळत नाही. पण क्रूरपणात वाईट एवढंच की तो मला आवडत नाही, यावरही माझा विश्वास बसत नाही. किती प्रामाणिक बोलणं आहे हे! त्यांचं मन साक्ष देत होतं. पौल म्हणतो ते हेच, असं मला वाटतं. आजचे अनेक नास्तिक विचारवंत रसेलपेक्षा वेगळी उत्तरं देतात. माणसाचं दुःख हीच कसोटी पुरेशी आहे, देव मध्ये आणायची गरज नाही, असं ते म्हणतात. त्यांचंही नीट ऐकायला हवं.

आणि नास्तिकांचा आपल्यालाही एक प्रश्न आहे. रसेलनीच तो 1927 च्या लंडनमधल्या एका व्याख्यानात मांडला होता. देव सांगतो म्हणून एखादी गोष्ट चांगली ठरत असेल, तर देवाने उलटं सांगितलं असतं तर तेही चांगलं ठरलं असतं का? मग "देव चांगला आहे" या म्हणण्याला अर्थ काय उरतो? हा प्रश्न कुणी विचारला तर घाबरू नका. उत्पत्तीचा अठरावा अध्याय उघडा. सदोमाचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवासमोर उभा राहतो आणि विचारतो की सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीशच न्याय करणार नाही का? पन्नास नीतिमानांपासून घासाघीस करत तो दहापर्यंत येतो. आणि देव चिडत नाही! "मी म्हणेन तेच चांगलं, गप्प बस" असं म्हणत नाही. तो अब्राहामाशी बोलत राहतो. आपला देव लहर फिरेल तसे नियम करणारा नाही. न्याय आणि दया हा त्याचा स्वभाव आहे, आणि त्या स्वभावाची आठवण त्याला करून दिलेली त्याला चालते.

आता एक कडू गोष्ट. बेल्सनचं उदाहरण नास्तिकाला निरुत्तर करायला आपण वापरतो, पण तो दगड आपल्याच अंगणात येऊन पडतो. त्या काळच्या जर्मनीतले बहुतेक लोक बाप्तिस्मा घेतलेले होते. रविवारी घंटा वाजत होत्या, गीतं गायली जात होती, आणि छावण्याही चालू होत्या. तोंडाने "हो", आणि मळ्यात कुणी नाही. हिटलरला विरोध करणारे पाळक डीट्रिख बोन्हॉफर यांनी हे जवळून पाहिलं. 1944 मध्ये बर्लिनच्या तुरुंगातून मित्राला लिहिताना त्यांनी म्हटलं की मला धार्मिक लोकांपेक्षा धर्म न मानणाऱ्यांकडे जास्त ओढ वाटते, आणि ती त्यांना विश्वासात आणण्याच्या हेतूने नाही, तर भाऊ म्हणून. 9 एप्रिल 1945 ला त्यांना फाशी दिलं गेलं. त्यांचा विश्वास ढळलेला नव्हता. पण विश्वासाचा दिखावा काय करू शकतो हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून आजचा दाखला वाचताना एक सावधगिरी. हा दाखला वाचून आपण नास्तिक मित्राकडे बोट दाखवतो, "बघ, तू म्हणजे पहिला मुलगा, तू मनातून ख्रिस्तीच आहेस, फक्त तुला माहीत नाही." असं म्हणू नका. त्याने विचार करून "नाही" म्हटलंय, त्याच्या त्या "नाही"चा मान ठेवा. आणि दाखल्यातला पहिला मुलगा मन बदलून बापाच्या सांगण्यावरून जातो, हेही विसरू नका. येशूने हा दाखला नास्तिकांविषयी सांगितलेला नाही. तो आपल्याविषयी आहे. देवाच्या घरात उभं राहून होकार देणाऱ्यांविषयी. म्हणून तर येशू पुढे म्हणतो की जकातदार आणि वेश्या तुमच्या आधी देवाच्या राज्यात जातात.

मग त्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर काय? विश्वासाने फरक पडत नाही का? पडतो. पण आपण समजतो तिथे नाही. नास्तिकाशी आपला वाद "कोण जास्त चांगलं" यावर नाहीच. तो वाद आपण कधीही हरू शकतो, आणि बऱ्याचदा हरतोच. आपला वाद आहे मळा कोणाचा यावर. नास्तिक म्हणतो, मळा आपला सगळ्यांचा, काम समोर दिसतंय, ते करायचं. आपण म्हणतो, मळ्याला धनी आहे, आणि तो धनी आपला बाप आहे.

याने दोन गोष्टी बदलतात. पहिली, काम माझ्या मनाच्या लहरीवर राहत नाही. आज सेवा करावीशी वाटली म्हणून केली, उद्या कंटाळा आला म्हणून सोडली, असं नाही. ज्याची सेवा करायची तो मला आवडो न आवडो, उपयोगाचा असो नसो, तो बापाच्या प्रतिमेचा आहे. दुसरी गोष्ट माझ्यासाठी जास्त मोलाची आहे. मी मळ्यात गेलो नाही, तर संध्याकाळी परत जायला घर आहे. बाप आहे, ज्याच्यासमोर उभं राहून "मी गेलो नाही" असं म्हणता येतं. हा दाखला त्याने होकार देऊन न गेलेल्या याजकांना का सांगितला? त्यांना मोडून टाकायला नाही. अजून दिवस मावळलेला नाही, हे सांगायला. पुढे त्याच येशूने त्यांच्यासाठीही वधस्तंभावर क्षमा मागितली. ही क्षमा आहे म्हणूनच आपण आपलं अपयश न लपवता कबूल करू शकतो. आपला विश्वास आपल्या चांगुलपणाचं सर्टिफिकेट नाही. तो आपल्या रिकाम्या हातांसाठी आहे.

पण ऐका, हे उत्तर बोलून पटणार नाही. नास्तिक मित्र म्हणेल, छान बोलतोस, पण त्या रात्री दवाखान्यात कोण होतं? आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल. धनी आहे असं म्हणणारेच जर मळ्यात दिसत नसतील, तर धनी आहे यावर कुणी का विश्वास ठेवावा?

म्हणून या आठवड्यासाठी दोन गोष्टी. एक: कुणासाठी प्रार्थनेचा इमोजी टाकाल, तर त्याच दिवशी त्या माणसाला फोन करा, जमलं तर डबा घेऊन जा. प्रार्थना कमी करू नका, तिला पाय द्या. दोन: तुमच्या ओळखीच्या एका नास्तिक माणसाला त्याच्या चांगुलपणाबद्दल मनापासून धन्यवाद द्या. त्याला जोडून "पण" नको, वचन नको, उपासनेचं आमंत्रण नको. नुसते धन्यवाद. त्याने कधी आपणहून विचारलं की तू विश्वास का ठेवतोस, तर आपल्या चांगुलपणाची गोष्ट सांगू नका. बापाची सांगा.

प्रार्थना करू या:

हे आमच्या स्वर्गीय पित्या, आम्ही तुला पुष्कळदा "हो" म्हटलं आणि घरीच बसलो. आम्हाला क्षमा कर. तुझं नाव न घेता जे आज कुणाच्या उशाशी जागत आहेत, त्यांना तू आशीर्वाद दे. त्यांच्याशी बोलताना आमच्या जिभेवर नम्रता ठेव, आणि आमच्या पायांना मळ्याची वाट दाखव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.